घरच्या शाळेचा पहिला धडा

मु. पिंपळदरा, ता. पाटोदा, जि. बीड
रविवार, ता. ८ मार्च १९८७

ती. मोहनदादा यास,

छबूचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल. तुझ्या बंगल्यावरची बोअर अजून चालते असं ऐकलं. आमच्या आडात मी सोमवारी दोर सोडून बघितला, तर तळाला नुसता चिखल लागला.

काल आसाराम गुरुजी येऊन गेले. पाण्याचा तांब्या पुढं केला तर ‘ऱ्हाऊ द्या बाई, जपून वापरा’ म्हणाले. म्हणजे तुझ्या हेडमास्तरात एवढी लाज अजून शिल्लक आहे. उंबऱ्यात उभं राहूनच त्यांनी तुझा निरोप कविता म्हणावी तसा म्हणून दाखवला. येत्या शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार. छबूनं पाचही लेकरं आंघोळ घालून, दप्तर देऊन वर्गात आणून बसवावीत, पट कमी भरला तर शाळेची मान्यता जाईल. घरात चालवलेला शाळा-शाळाचा खेळ त्या दिवसापासून बंद. आणि ऐकलं नाही, तर केसरला चौथीचा दाखला मिळणार नाही, आणि पुढच्या हंगामात छबूच्या माणसानं दुसरी टोळी बघावी.

छबूचा माणूस! दादा, त्या माणसाचं नाव उत्तरेश्वर आहे. तुझा सख्खा मेहुणा आहे. माझ्या लग्नात त्याचा कान तूच पिळला होतास.

पट मोजणाऱ्याला लेकरांची नावं ठाऊक नसतात, म्हणून एकदा लिहून देते. माझी दोन, गहिनीनाथ तिसरीत आणि साखरा पहिलीत. माझी जाऊ सुंदरबाई, तिची तीन. केसर चौथीत, आश्रुबा दुसरीत, आणि धाकटा अर्जुन. अर्जुनचं नाव आम्ही अजून शाळेत घातलेलंच नाही, तरी तो तुझ्या पटावर दसऱ्यापासून पहिलीत आहे म्हणे. पाच वर्षांचं लेकरू, त्याला शेंबूड पुसता येत नाही, आणि रोज हजर!

दिवाळीच्या आधी तुझ्याच ट्रकात बसून उत्तरेश्वर, माझा दीर सुग्रीव आणि सुंदरबाई तुझ्या कारखान्याच्या ऊसतोडीला गेले. ट्रक हलायच्या आधी सुंदरबाईनं तिन्ही लेकरांचे हात माझ्या हातात दिले. ‘बाई, तुमच्या वट्यात टाकली’, एवढंच म्हणाली. ती फार बोलत नाही. हे तिचं वाक्य ध्यानात ठेव, मला पुढं लागणार आहे.

आता तुझ्या भाषेतला खेळ कसा चालतो ते ऐक. सकाळी पाण्याचं उरकलं की ओसरीवर हजेरी होते. ज्याला बसायचं असेल त्यानं ‘हजर’ म्हणायचं. ज्याला नसेल त्यानं ‘गैरहजर’ म्हणायचं, तेही चालतं. साखरा एकदा गोधडीतूनच ‘गैरहजर’ म्हणून ओरडली. मी वहीत तसंच मांडलं, आणि ते बघून ती रडत उठली.

वर्गातली पुस्तकं तुझ्या गुरुजीनं जानेवारीतच परत मागून नेली. बरं झालं, त्यांच्या नादानं दुसरी सापडली. पाटोद्याच्या बाजारात रद्दीवाल्याकडं जुन्या बालमासिकांचा एक गठ्ठा मिळाला, त्याची मागची पानं उंदरानं खाल्लेली. एकाही गोष्टीला शेवट नाही. मग शेवट लेकरांनी करायचा. गहिन्याच्या गोष्टीत शेवटी मारामारी होते. आश्रुबाच्या गोष्टीत, मग ती कोल्ह्याची असो का राजाची, शेवटी आईबाप ट्रकातून घरी येतात.

एसटी स्टँडावरचं वेळापत्रक मी केसरकडून उतरवून घेतलं. पाटोद्याहून सुटलेली गाडी केजला कधी पोचती, वाटेत पंक्चर झाली तर कधी पोचती, ही आमची गणितं. टँकर आला की किती घरं, किती घागरी, वाटणी कशी, ते पोरं माझ्याआधी सांगतात. ज्वारीच्या धाटांची चिपाडं काढून त्रिकोण-चौकोन करतो. अंगणात राखेनं जिल्ह्याचा नकाशा काढलाय. बीड, केज, गेवराईकडं तलवाडा, तिथं माझी नणंद दिलीय म्हणून. आणि नकाशाच्या बाहेर, शेळी बांधतो त्या मेखेपाशी, तुझा कारखाना. अर्जुन खेळता खेळता तिथंच जाऊन बसतो, उठवला तरी उठत नाही.

आणि हो, तुझ्या कारखान्याचा वार्षिक अहवाल हे आमचं वाचनाचं पुस्तक आहे. उत्तरेश्वरनं मागच्या साली त्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. कागद गुळगुळीत आहे, अक्षर ठसठशीत आहे. तिसऱ्या पानावर तू आहेस, हार घालून. गहिन्यानं विचारलं, ‘आई, बहुमतानं मंजूर म्हंजी काय?’ मी म्हटलं, जास्ती जणांनी हात वर केला की झालं. तेव्हापासून डाळ का चटणी हे पोरं बहुमतानं ठरवतात आणि माझा एकटीचा हात खाली राहतो. मोठ्या सभेत तुझ्याविरुद्ध कुणाचा हात खाली राहिला होता का रे? अहवालात तसं कुठं दिसलं नाही.

मी नुसती सातवी. गहिन्याची अपूर्णांकाची गणितं आली की माझीच भंबेरी उडते. आधी भाकरीचे तुकडे करून मी शिकते आणि मग त्याला शिकवते. पण दोन महिन्यांत आश्रुबा जोडाक्षरं वाचायला लागला. तुझ्या शाळेत दीड वर्ष बसून त्याला स्वतःचं नाव येत नव्हतं.

केसर डाव्या हातानं लिहायला शिकली.

हे कसं झालं ते गावाला मी असं सांगते. डिसेंबरात तिला फुरसं चावलं, उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं दवाखान्यात काढावी लागली. जानेवारीत ती शाळेत गेली आणि डाव्या हातात पेन्सिल धरली, तर आसाराम गुरुजीनं त्याच हातावर छडी मारली. ‘सरस्वतीला डावा हात लावती व्हय गं?’ दुसऱ्या दिवसापासून मी चारही लेकरं घरी बसवली, अर्जुन घरीच होता. ‘कावून काढली गं छबू, चांगली शाळा सोडून?’ असं कुणी विचारलं की मी ही छडी सांगते. बाया हळहळतात, निघून जातात.

आपल्यात डाव्या हातानं कुणाला पानसुपारीसुद्धा देत नाहीत. मी तिच्या डाव्या हातून रोज भाकरी घेते. पहिल्यांदा चिंचोक्यांची रांग मांडून अक्षरं केली, मग राखेत बोटानं, मग पाटीवर. महिनाभर सगळी अक्षरं शेपूट उलटी धरून यायची. ती चिडायची, पाटी आपटायची. आता तिचं अक्षर गहिन्यापेक्षा बरं आहे. पाचवीला तिला पाटोद्याच्या शाळेत घालायची आहे. तुझी शाळा चौथीपर्यंतच, आणि तुझ्या सहीच्या दाखल्याशिवाय पुढची शाळा तिला दारात उभी करणार नाही. हे तुला पक्कं ठाऊक आहे म्हणून तर दाखल्याला हात घातलास.

छडी मारली हे खरं आहे दादा. पण लेकरं मी नुसत्या छडीपायी काढली नाहीत. तुला ते माहीत आहे.

टँकरचा हॉर्न वाजला. उठते.

*

दुपार झाली. पाच घागरी मिळाल्या, सहावीला पाईप आटला. घागरी आणताना सारखं मनात येत होतं की पत्र इथंच संपवावं, खाली नाव घालावं आणि लेकरं शुक्रवारी धाडून द्यावीत. दाखला मिळेल, नवऱ्याची टोळी राहील, भाऊ राहील. रांगेत उभं राहून मी तेच ठरवलं होतं. मग घरी आले तर केसर ओसरीवर बसून कालच्या तारखा पाटीवर मांडत होती.

कालच्या तारखा म्हणजे काय ते सांगते. निरोप सांगून झाल्यावर तुझे गुरुजी हजेरीपट माझ्याकडं ठेवून गेले. ‘साहेब नंबर पुकारतील बाई, लेकरांनी आपापल्या नंबराला हजर म्हणायला पाहिजे. घोकून घ्या, सांजच्याला नेतो.’ एवढी वर्षं नोकरी केलेला माणूस, आणि त्याला हे सुचलं नाही की या घरातल्या लेकरांना आता वाचता येतं.

गहिन्यानं आपलं नाव शोधलं. आश्रुबानं शोधलं. अर्जुनला त्याचा नंबर दाखवला तर तो खुश झाला. मग केसरनं डिसेंबरचं पान काढलं आणि आपल्या ओळीवर बोट ठेवून सरकवत गेली.

‘मोठीमाय,’ ती म्हणाली, ‘नऊ तारखेला मी तर शाळेत व्हते. हितं गैरहजर कावून हाय?’

तिचं बोट पुढं सरकलं.

‘आन् धापासून एकतीसपोतर मी बीडच्या दवाखान्यात व्हते. हितं रोज हजर हाय.’

आश्रुबा म्हणाला, ‘दवाखान्यातून कशी येत व्हतीस गं तू?’ आणि अर्जुन खिदळायला लागला.

गुरुजी पहिल्या तारखेलाच अख्ख्या महिन्याची हजेरी भरून मोकळे होतात, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ऊसाच्या फडात आईबापाबरोबर गेलेली लेकरंही तुझ्या पटावर इथं बसलेली असतात. त्यामुळं नऊ डिसेंबरला केसरपुढं ‘ह’ आधीच पडलेला होता. तुझा हुकूम आल्यावर निळ्या शाईचा ‘ह’ खोडून वर काळ्या शाईनं ‘गै’ केला. घाबरलेला माणूस, तेवढा एकच दिवस बदलला. रविवार सोडले तर पुढचे एकोणीस दिवस बदलायचे राहून गेले. नाताळची सुट्टी होती, त्या दिवशीसुद्धा केसर हजर आहे. दादा, सगळ्या गावाची गैरहजर लेकरं तू हजर मांडलीस, आणि जे एक लेकरू खरोखर तुझ्या शाळेत होतं ते गैरहजर केलंस.

आता तुला ठाऊक असलेलंच तुला सांगते, कारण ते आजवर कुणी कागदावर लिहिलेलं नाही.

पाऊस गेला आणि चारा डेपो तुझ्या सोसायटीला मिळाला. सोसायटीचा चेअरमन तू, शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष तू, कारखान्यात संचालक तू, आमच्या टोळीचा मुकादम तू. मग कडबा ठेवायला जागा कुणाकडं मागायची? शाळेच्या चारांपैकी तीन खोल्यांत पेंढ्या लावल्यास छताला भिडेपर्यंत, आणि वर्ग लिंबाखाली. चौथीच्या पोरांनी कार्यानुभवाच्या तासाला पेंढ्या काढून बैलगाडीपाशी न्यायच्या. लेकरांना ते आवडायचं, अभ्यास चुकायचा. नऊ डिसेंबरला मंगळवारी, सकाळच्या सुट्टीच्या आधी, केसरनं तिसऱ्या खोलीत खालच्या थरात हात घातला आणि फुरशानं धरलं.

त्या दिवशी तू गावात होतास हे तिचं नशीब. तुझी जीप होती म्हणून ती जगली. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. मी तिला मांडीवर घेऊन मागं बसले होते आणि तू स्वतः चालवत होतास, घाटात एकदा तुझे डोळे भरलेले मी आरशात बघितले. त्या माणसाला हे पत्र लिहिताना माझा हात जड होतो. पण बीडला दवाखान्याच्या दारात गाडीतून उतरलास तो दुसराच माणूस होता.

डॉक्टरनं विचारलं, कुठं चावलं? तू म्हणालास, ‘घरी. शेळीच्या गोठ्यात, शेण काढताना.’ मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली, इंजेक्शनं बाहेरून आणा, लवकर आणा. ती चिठ्ठी खिशात घालून तू मला व्हरांड्याच्या टोकाला नेलंस आणि वहीचा एक कागद पुढं केलास. मुलगी त्या दिवशी शाळेत गेलीच नव्हती, असा जबाब. तो तू कधी लिहिलास रे? मी लेकराच्या तोंडावर पाणी मारत होते तेव्हा?

‘छबे, सही कर,’ म्हणालास. ‘शाळेचं नाव आलं तर शाळा जाईल. शाळा गेली तर तुझीच लेकरं अडाणी ऱ्हातील.’

मी सही केली. मग तू इंजेक्शनं आणायला गेलास.

तू इंजेक्शनं सहीसाठी अडवून धरली होतीस, की तुला आधी कागद आठवला आणि मग औषध, हे मी तीन महिने स्वतःला विचारते आहे. दोन्हीत माझ्या मनाला बरं वाटेल असं उत्तर नाही. त्या चार-पाच मिनिटांत तिची बोटं गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. पण ती मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आणि आता माझं ऐक. बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. मी बारा वर्षांची. मस्टरवर अंगठा लावायला गेले तर तू माझा हात धरलास. ‘अंगठा लावू नको छबे. अंगठ्यावर कुणीबी काईबी लिहून घेतं. सही कर. आन् सही करायच्या आदी वाच.’ जेवणाच्या सुट्टीत कोळशानं दगडावर गिरवून गिरवून तू मला सही शिकवलीस. पुढं सातवीपर्यंत शिकले ती त्याच जोरावर.

व्हरांड्यात मी तो कागद वाचला होता दादा. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचूनच सही केली. फसवली गेले असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण तूच मला न फसायला शिकवलं होतंस.

पण खरी लाज याहून मोठी आहे. ती सांगायची म्हणूनच इतकी पानं खर्ची घातली.

तिसऱ्या दिवशी केसर शुद्धीवर आली. तिची आई त्याच्या दुसऱ्या दिवशी फडावरून येऊन पोचणार होती. मी तिच्या उशाशी बसले आणि तिला शिकवलं. ‘कुणी इचारलं तर काय सांगायचं? मी घरीच व्हते. शेण काढत व्हते. शाळेत गेलेच न्हाई.’ ती म्हणाली, ‘पर मी तर गेलते.’ मी म्हटलं, ‘तसं न्हाई म्हनायचं.’ पुन्हा म्हणून घेतलं, पुन्हा घेतलं. हाताला पट्ट्या, अंगात ताप, आणि मी तिच्याकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं ते घोकून घेत होते. एकदाही चुकली नाही तेव्हा मी ‘शाब्बास’ म्हणाले.

माझ्या घरच्या शाळेचा पहिला धडा तो. लोक म्हणतात छबूनं कसलं डोकं लढवलंय, रद्दीतून शाळा काढली. ती सगळी चिपाडं, चिंचोके, नकाशे, तो एक धडा पुसायला आहेत. पुसला जात नाही.

सुंदरबाई आली. लेकीचा हात बघितला. मला वाटलं आता ही मला उभी चिरेल. ज्या बाईनं लेकरं माझ्या वट्यात टाकली होती, तिनं माझे पाय धरले. ‘बाई, तुमी व्हता म्हणून वाचली माझी लेक.’ केसर खाटेवरून माझ्याकडं बघत होती. पाठ केलेलं तिनं आईला नीट म्हणून दाखवलं. आल्यापासून चौथ्या दिवशी सुंदरबाईला तुझा माणूस परत फडावर घेऊन गेला, तिच्यावाचून नवरा-बायकोच्या जोडीचा कोयता अडून राहिला म्हणून.

म्हणून मी लेकरं काढली. त्या शाळेच्या दारातून केसर रोज आत जाणार, तिसरी खोली बघणार, आणि संध्याकाळी माझ्या हातचं जेवणार, हे मला सोसेना. स्वतःची सोय बघितली मी. गुरुजीनं छडी मारली आणि मला बहाणा मिळाला.

काल हजेरीपट मिटून केसरनं विचारलं, ‘मोठीमाय, साहेबानं इचारलं तर पाठ केलेलं सांगू का झालेलं सांगू?’

चेष्टा नव्हती त्यात. तिला खरंच विचारायचं होतं. शहाणी लेक, मास्तरणीला विचारून घेत होती.

काल मी उठून चूल पेटवायला गेले. आज पाणी भरून आले तेव्हा ती पाटीवर एका बाजूला हजेरीपटाच्या तारखा आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्याच्या कागदावरच्या तारखा मांडून बसलेली. तो दवाखान्याचा कागद मी डब्यात जपून ठेवलाय, त्यावर दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख शिक्क्यासकट आहे. तिनं मला पाटी दाखवली. ‘जुळत न्हाई’, म्हणाली. गणित चुकलं की ती अशीच म्हणते.

मी म्हटलं, ‘झालेलं सांग.’

मग आम्ही दोघींनी आधी तिच्या आईला कार्ड लिहिलं. मी सांगत गेले, तिनं डाव्या हातानं लिहिलं. तुझ्या लेकीला माझ्या गोठ्यात नाही, शाळेत चारा काढताना फुरसं चावलं. मी खोटी सही केली. लेकीला खोटं बोलायला मीच शिकवलं. इथं केसर थांबली. ‘हे बी लिहू?’ ‘लिही.’ तिनं लिहिलं आणि शेवटी मी न सांगता एक ओळ आपल्या मनानं घातली, ती मी तुला सांगणार नाही. गहिन्या कार्ड पेटीत टाकून आला. फडावर ते कुणाकडून तरी वाचून घेतील. सगळी टोळी ऐकेल. उत्तरेश्वर ऐकेल. मग तू त्याला टोळीतून काढायच्या आधी तोच मला घरातून काढतो का ते बघायचं. सुंदरबाई पुन्हा माझं तोंड बघणार नाही, हे मी धरून चाललेय.

तू आता म्हणशील, छबीला कुणीतरी फूस लावली, विरोधी पार्टीनं गाठली. उचलली जीभ लावली टाळ्याला! मला कुणी गाठलं नाही. दहा वर्षांच्या पोरीनं ‘जुळत न्हाई’ म्हटलं, तेवढं पुरलं.

तर शुक्रवारचं. तुझा निरोप मी मोडत नाही. पाचही लेकरं आणते, आंघोळ घालून, तेल लावून, दप्तर देऊन. पट पुरा भरेल. अर्जुनलाही आणते, त्याला ‘हजर’ म्हणायचा लई सोस आहे. केसरचा नंबर पुकारला की ती उभी राहील आणि साहेबांना डिसेंबरचं पान उघडायला सांगेल. दवाखान्याचा कागद तिच्या दप्तरात असेल. मी भिंतीपाशी उभी असेन. मला विचारलं तर व्हरांड्यातला कागद खोटा, सही माझी, असं मी माझ्या तोंडानं सांगेन. त्यासाठी मला काय भोगावं लागेल ते भोगीन.

हजेरीपट गुरुजी काल घेऊन गेले. त्यात आता खाडाखोड करू नको. दोन शाया आधीच दिसतात, तिसरी घातलीस तर शोभा होईल. आणि गुरुजीला एकट्याला पुढं करून तू मागं राहू नको. तो नोकर आहे. त्याच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत.

दाखल्यावर अध्यक्षाची सही लागते. कर किंवा करू नको. नाही केलीस तर पाचवीचं, सहावीचं, सातवीचं मी घरी शिकवीन, आणि पुढचं मला येत नाही ते मी आधी शिकेन. केसर आणि मी मांडीला मांडी लावून बसू. पण तुझ्या सहीसाठी तिला ते वाक्य मी पुन्हा घोकायला लावणार नाही.

वहिनींना नमस्कार. लेकरांना आशीर्वाद. या वर्षी रक्षाबंधनाला वाट बघू नको.

‘तुझी लाडकी बहीण’ असं मी दर पत्राखाली लिहीत आले. या पत्राखाली नुसती सही आहे, तू दगडावर गिरवून घेतली होतीस ती. सगळं पत्र पहिल्यापासून परत वाचलं, आणि मगच केली.

छबूबाई उत्तरेश्वर तांदळे